एका कोपऱ्यावर तासभर

सुरुवातीलाच माफी मागतो. मंडळाच्या या वार्षिक अंकात जे लिहितात त्यांच्यातल्या बहुतेकांनी इथे इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत आयुष्य काढलं आहे आणि सुट्ट्यांमध्ये अर्धं जग पाहिलं आहे. जपानला तर काहीजण दोन-दोनदा जाऊन आलेत. मी एकदाच गेलो, तेही आठ दिवस, कोर्सच्या सहलीबरोबर. त्या आठ दिवसांत मी एकही देऊळ आतून पाहिलं नाही. त्यामुळे मी जपानवर लिहिणं हा आगाऊपणाच आहे.

मी लिहू नये याला आणखी एक कारण आहे. ते लपवून पुढे गेलो तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. त्या सहलीला गेलो तेव्हा माझ्यावर चोरीचा आरोप होता. दुसऱ्याची वाक्यं चोरल्याचा.

कॉव्हेंट्रीत मी ज्या काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहतो, त्याच या अंकाचं काम बघतात. त्या रिटायर्ड भूलतज्ज्ञ आहेत. म्हणाल्या, "लिही. फक्त फुजी पर्वत नको, तो गेल्या वर्षी दोघांनी लिहिलाय." मी म्हटलं, फुजी ढगात होता, मला दिसलाच नाही. "मग तर लिहीच," म्हणाल्या.

आधी आरोपाचं सांगतो.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत आणि आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आमच्या शाळेत चांगलं उत्तर म्हणजे पुस्तकातलं उत्तर. सर सांगायचे, पुस्तक लिहिणारा तुझ्यापेक्षा शहाणा आहे, तू त्याच्या वाक्यात हात घालू नकोस. मी नाही घातला. धडे स्वल्पविरामासकट पाठ करायचो. त्याच जोरावर बारावी झालो, डिग्री झाली, आणि त्याच जोरावर नगररचनेच्या मास्टर्सला इथे आलो. निदान मला तसं वाटत होतं.

पहिल्या टर्मला शहरातल्या रस्त्यांवर निबंध होता. ग्रंथालयात या विषयावरचं एक जाड पुस्तक मिळालं. ते मला इतकं आवडलं की त्यातली तीन प्रकरणं मी पाठ केली. मग पुस्तक परत करून खोलीत बसलो आणि आठवेल तसा निबंध लिहिला. पुस्तकाचं नाव खाली दिलं नाही. आमच्या शिक्षिकांचा तो विषयच होता. त्यांना त्या पुस्तकाचं नाव सांगायचं म्हणजे त्यांनी ते वाचलेलं नाही असं म्हटल्यासारखं होईल, असं मला खरोखर वाटलं.

नक्कल तपासणाऱ्या कॉम्प्युटरने जवळजवळ सगळा निबंध लाल करून दाखवला. शिक्षिकांनी नियमाप्रमाणे तो पुढे पाठवला आणि मला एका समितीपुढे बोलावण्यात आलं. तिघेजण होते. टेबलावर पाण्याचा जग होता. मधल्या बाईंनी शांतपणे विचारलं, लिहिताना पुस्तक कुठे होतं? मी म्हटलं, ग्रंथालयात. मग ही वाक्यं कुठून आली? मी म्हटलं, पाठ होती. त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, म्हणजे नक्की काय?

मी उभा राहिलो, हात मागे घेतले आणि म्हणायला लागलो.

दीड पान झालं असेल. फूटपाथची रुंदी, दुकानांच्या पायऱ्या, झाडांमधलं अंतर, सगळं आलं. मला वाटत होतं, आता यांचा गैरसमज दूर होतोय. मधल्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, थँक यू, बसा आता. दहा कामाच्या दिवसांत निर्णय ईमेलने कळेल. निबंध पुन्हा लिहायला सांगण्यापासून कोर्समधून काढून टाकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. काढून टाकलं तर व्हिसाही संपणार.

घरी येऊन मी हे काकूंना आणि त्यांच्या मुलीला स्वयंपाकघरात सांगितलं. मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "पण हा तर सुपरपॉवर आहे. तुझा चूक काय झाला?" काकू फोडणी करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"आम्हीपण अख्खी अ‍ॅनाटॉमी अशीच पाठ केली रे," त्या म्हणाल्या. "फक्त मांडीचं हाड कुणी लिहिलेलं नसतं. आणि तू म्हणून दाखवलंस? त्यांच्यासमोर? उभं राहून?"

मी हो म्हटलं. त्यांनी गॅस पुन्हा लावला.

सहल त्याच आठवड्यात होती आणि ती रद्द करायचं काही कारण नव्हतं. निर्णय लागेपर्यंत मी विद्यार्थी होतो. सहलीला घेऊन जाणाऱ्या शिक्षिका त्याच होत्या, ज्यांनी माझा निबंध पुढे पाठवला होता. वर्गातले सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही, म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नाही. समोर जाऊन उभा राहतो.

ओसाकाला उतरल्यावर मोबाईलने मला विद्यापीठाच्या ईमेलमधून बाहेर काढलं. पुन्हा आत जायला जो कोड लागतो तो माझ्या इथल्या नंबरवर एसएमएसने येतो, आणि तो नंबर जपानमध्ये चालत नव्हता. हॉटेलच्या वायफायवर घरी बोलता येत होतं, पण ईमेल उघडत नव्हता. रोमिंग चालू करता आलं असतं. वर्गातल्या एकीने कसं करायचं तेही दाखवलं. मी मान डोलावली आणि केलं नाही. आठही दिवस स्वतःला सांगत राहिलो की उद्या करू.

सहलीचं काम सोपं होतं. रोज एका शहरातला किंवा वस्तीतला एक कोपरा वाटून दिला जायचा. तिथे एक तास उभं राहायचं आणि जे दिसतं ते वहीत लिहायचं. पुस्तक, मोबाईल, कॅमेरा, काहीही चालणार नाही.

ओसाकातला माझा कोपरा एका जुन्या बाजाराच्या तोंडाशी होता. वर छप्पर असलेला लांब बाजार, सकाळची वेळ, निम्मी शटर्स खाली. एका तासात मी तीन ओळी लिहिल्या. रस्ता आहे. सायकली पुष्कळ आहेत. स्वच्छ आहे. बाकी वेळ त्या जाड पुस्तकातली वाक्यं तोंडात येत होती आणि मी ती गिळत होतो. शेजारच्या कोपऱ्यावर आमच्या वर्गातली नायजेरियाची मुलगी होती. तिची सहा पानं झाली होती. माझी वही बघून ती म्हणाली, "चालतं-बोलतं ग्रंथालय आज बंद आहे वाटतं." तिला तेव्हा काही माहीत नव्हतं. वर्गात मी उत्तरं पाठ म्हणायचो म्हणून तिने ते नाव ठेवलं होतं.

दुपारी आम्ही सगळे मागच्या गल्ल्यांतून फिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटायचं. प्रत्येक वळणावर खांबाला गोल आरसा. घरांच्या दारात फुलझाडांच्या कुंड्या, अगदी रस्त्याच्या हद्दीला टेकून. आणि काही भिंतींच्या कडेला पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या. सगळे थांबले. कुणी म्हणालं, भूकंपासाठी साठवलेलं पाणी असेल. कुणी म्हणालं, झाडांना घालायचं असेल. मी कधी नव्हे ते पुढे होऊन सांगितलं की हे कुत्र्यांसाठी आहे, कुत्रा बाटली बघून भिंतीशी पाय वर करत नाही. आमच्या गावात निम्म्या घरांपुढे अशा बाटल्या असतात, फक्त आत लाल नाहीतर निळीचं पाणी असतं.

आमच्याबरोबर तिथल्या विद्यापीठातली एक संशोधक होती. ती म्हणाली, जवळजवळ बरोबर. इथे मांजरांसाठी ठेवतात. नायजेरियाच्या मुलीने विचारलं, उपयोग होतो का? संशोधक म्हणाली, नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही नाही.

त्या संध्याकाळी वहीत मी बाटल्यांवर एक पान लिहिलं. लिहून झाल्यावर ते दोनदा वाचलं, कारण हे कुठून आलं याची मला खात्री करून घ्यायची होती.

क्योतोत माझा कोपरा देवळांपासून लांब, राहत्या वस्तीत होता. सकाळचे सात वाजले असतील. एक म्हातारी बाई दारातून बाहेर आली आणि खराट्याने घरापुढचा रस्ता झाडायला लागली. आपल्या घराची हद्द संपल्यावर ती थांबली नाही. शेजारच्या घरापुढे वीतभर पुढे गेली आणि मग थांबली. वळून दुसऱ्या टोकाला गेली, तिथेही तेच. मग बादलीतून पाणी घेऊन रस्त्यावर शिंपडलं, आपल्याकडे सडा टाकतात तसं, पण फार थोडं. थोड्या वेळाने शेजारचे आजोबा बाहेर आले. त्यांनीही आपलं अंगण झाडलं आणि वीतभर तिच्याकडे झाडलं. म्हणजे तेवढी पट्टी दोघांनी झाडली. एकमेकांशी ते बोलले नाहीत, वाकून नमस्कार तेवढा झाला.

संशोधक आली तेव्हा मी तिला विचारलं. ती म्हणाली, ही क्योतोची रीत आहे. स्वतःपुरतंच झाडलं तर माणूस तुसडा दिसतो. जास्त पुढे गेलं तर शेजाऱ्याला वाटतं, आपण आळशी आहोत असं ही सुचवतेय. म्हणून एवढंच. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय का? ती हसली आणि म्हणाली की आजी ओरडते, त्यावरून कळतं.

रात्रीच्या जेवणाआधी वडिलांशी बोललो. त्यांना समितीचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी डेपोतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं की पोरगा इंग्लंडहून जपानला गेलाय. त्यांना देवळं, किल्ले यात रस नव्हता.

"तिकडच्या बशी कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की सिग्नलला ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि हिरवा लागला की पुन्हा चालू करतो.

"दर सिग्नलला?"

"हो."

"मग स्टार्टर कोण बदलत असेल, त्याचे हाल बघ," म्हणाले. मग विचारलं, "तुझं सगळं बरं चाललंय ना? पुढच्या वर्षी या दिवसांत पास झालेला असशील." मी म्हटलं, हो. आणि फोन आईकडे द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शिक्षिकांकडे निरखून बघायला लागलो. निर्णय त्यांना कळला असेल तर चेहऱ्यावर दिसेल असं वाटायचं. नाश्त्याला त्यांनी मला गुड मॉर्निंग म्हटलं तर वाटायचं, राहिलो. ट्रेनमध्ये त्यांनी पलीकडची जागा घेतली तर वाटायचं, गेलो. त्या मात्र दोन्ही वेळेला सारख्याच होत्या. खिडकीतून बाहेर बघायच्या किंवा तिकिटं मोजायच्या.

कानाझावा हे समुद्राच्या बाजूचं शहर, बर्फ फार पडतं तिथलं. आम्ही गेलो तेव्हा बर्फ रस्त्याच्या कडेला ढिगाने उरलं होतं, मळकं. माझ्या वाट्याला आलेल्या रस्त्याचा रंग तांबडा होता. डांबर मधोमध गंजल्यासारखं दिसत होतं आणि कडेला काळं होतं. आधी मला वाटलं माती, कोकणात असते तशी. पण आजूबाजूला कुठेच तांबडी माती नव्हती. अर्धा तास मी नुसता बघत राहिलो. मग दिसलं की रस्त्याच्या बरोबर मधून एक पट्टी गेली आहे आणि तिच्यात ठरावीक अंतरावर बोटभर भोकं आहेत. तांबडा रंग प्रत्येक भोकाभोवती गडद होता आणि उताराकडे फिका होत गेला होता. म्हणजे भोकांतून काहीतरी वाहत असणार. पाणीच. गंजाचं पाणी, जमिनीतलं. ते रस्त्यावर कशाला सोडत असतील, याचं उत्तर कडेच्या ढिगाऱ्यात होतं. बर्फ वितळवायला.

मी वहीत भोकांचं चित्र काढत होतो तेव्हा शिक्षिका मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वही मागितली आणि उभ्यानेच वाचली.

"हे कुठे वाचलंस?" त्यांनी विचारलं.

कदाचित त्या सगळ्यांनाच तसं विचारत असतील. माझे कान तापले. मी म्हटलं, "वाचलं नाही. भोकं दिसली."

त्या रस्त्यात उतरल्या, वाकून एका भोकाकडे बघितलं आणि परत आल्या. वही मला दिली. म्हणाल्या, "पाणी कोमट असतं का ते शोधून काढ. तसं नसेल तर तुझं म्हणणं अपुरं आहे." आणि पुढच्या कोपऱ्याकडे गेल्या.

त्यावरून मला काहीच ठरवता आलं नाही. काढून टाकलेल्या मुलाला कुणी पुढचा अभ्यास देईल का? किंवा देईलही, त्यांचा स्वभावच तसा आहे.

दुपारी नूडल्स खाताना मी नायजेरियाच्या मुलीला सगळं सांगितलं. समितीपुढे पाठ म्हटल्याचं सांगितलं तेव्हा तिने काड्या खाली ठेवल्या. "बायबलची पानंच्या पानं मला पाठ आहेत," ती म्हणाली. "पण चोर म्हणून पकडल्यावर पोलिसांना भिंत चढून दाखवायची नसते रे." मग ती इतकी हसली की शेजारचे लोक बघायला लागले. मलाही हसू आलं. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच.

टोकियोबद्दल मला सगळ्यात कमी सांगता येईल. तिथे आम्हाला प्रत्येकी एक पत्ता दिला होता आणि तो मोबाईलशिवाय शोधायचा होता. बहुतेक रस्त्यांना तिथे नाव नसतं. वस्तीचे तुकडे पाडून त्यांना आकडे दिलेले, आणि तुकड्यातल्या घरांना पुन्हा आकडे. आकडे ओळीने असतीलच असं नाही. मी चाळीस मिनिटं एकाच शाळेभोवती फिरलो. शेवटी चौकातल्या छोट्या पोलीस चौकीत गेलो आणि कागद पुढे केला. हवालदाराने भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं, टोपी घातली आणि मला दोन वळणांपर्यंत सोडायला आला. दुसऱ्या वळणावर तो थांबला आणि हाताने दाखवलं. तिथून पुढे त्याचा विभाग नसावा, किंवा मला एवढं कळेल असं त्याला वाटलं असावं. पत्ता म्हणजे एक लाँड्री होती. पाच वाजले तेव्हा खांबावरच्या कर्ण्यातून एक सूर वाजला, लहान मुलांच्या गाण्यासारखा. मैदानातली मुलं एकमेकांना काही न बोलता घरी निघाली. मी ते वहीत लिहिलं. वेळ लिहिली. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते लिहिलं नाही, कारण तो अभ्यासाचा भाग नव्हता.

हीथ्रोला उतरलो तेव्हा दुपार होती. पासपोर्टची रांग लांब होती आणि शिक्षिका व बरेचजण दुसऱ्या रांगेतून केव्हाच पुढे गेले होते. रांगेत असतानाच माझा नंबर जिवंत झाला. मोबाईल सारखा थरथरायला लागला. ओसाकात मागवलेले सगळे कोड एकामागून एक आले, सगळे शिळे. नवीन कोड मागवावा म्हणून बोट नेलं तेवढ्यात मला पुढे बोलावलं.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला. कुठून आलात, विचारलं. मी सांगितलं. इथे काय करता? त्याने विचारलं.

हा प्रश्न मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा ऐकला होता आणि त्याचं उत्तर मला पाठ होतं. तरी मला वेळ लागला. त्याने वर बघितलं.

"विद्यार्थी आहे," मी म्हटलं. मग त्याने विचारलं, काय शिकता, आणि मी रस्ते म्हणालो. त्याने शिक्का मारला नाही. हल्ली मारत नाहीत. पासपोर्ट परत सरकवला आणि माझ्या मागच्याला खूण केली.

बॅगा फिरत होत्या तिथे खांबाला टेकून मी नवीन कोड मागवला. या वेळी तो लगेच आला. ईमेल आम्ही क्योतोत होतो त्या दिवशी सकाळी आलेला होता. दोन पानांचं पत्र जोडलेलं होतं. पहिल्यांदा वाचताना मी फक्त शेवट शोधत होतो, म्हणून मग पुन्हा वरून वाचलं.

आरोप सिद्ध झाला होता. निबंधाला शून्य. ही नोंद माझ्या फाईलमध्ये राहील. मजकूर पुस्तक समोर नसताना, आठवणीतून लिहिला हे विद्यार्थ्याचं म्हणणं समिती खरं मानते, असं एक वाक्य होतं. त्यापुढचं वाक्य असं की त्यामुळे निर्णयात फरक पडत नाही. निबंध उन्हाळ्यात नव्याने लिहून द्यावा लागेल, तो कितीही चांगला झाला तरी पास होण्यापुरतेच गुण मिळतील, आणि या वेळी चुकलं तर तिसरी संधी नाही. त्यामुळे डिग्री वर्गाबरोबर न मिळता नंतर मिळेल. सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत, लिहिलं होतं की विद्यार्थ्याला अभ्यासक्रम चालू ठेवता येईल.